वधस्तंभाचा मूर्खपणा आणि बंद झालेल्या गोळ्या

प्रश्न असा आला आहे: "पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी पुण्यात नोकरी करतो, घर नगर जिल्ह्यात आहे. गावाजवळ चंगाई सभा (प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा) झाली तेव्हापासून आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. 'गोळी घेतली म्हणजे विश्वास उरला नाही' असं तिथे सांगितलं गेलं. मामांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा 'विश्वासाचं बी' म्हणून त्याच प्रचारकाला दिला. मामेबहिणीची नर्सिंगची फी त्या पैशातून जायची होती. मी काही बोललो की दोघंही एकच वचन पुढे करतात: या जगाचं ज्ञान देवाच्या दृष्टीने मूर्खपणा आहे. वर 'तू फार शहाणा झालास' हेही ऐकून घ्यावं लागतं. मग ख्रिस्ती माणसाने डोकं चालवायचंच नाही का? आणि वधस्तंभाचा (क्रुसाचा) संदेश मूर्खपणाचा वाटतो असं पवित्र शास्त्रातच आहे, त्याचं काय करायचं?"

आधी तातडीचं. आईंना या आठवड्यातच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. भांडून नेऊ नका, पण न्याच. साखर वाढलेली असली तरी माणसाला पुष्कळदा काही जाणवत नाही. उलट गोळ्यांची कटकट गेली म्हणून चार दिवस बरंच वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या सभेत साक्ष म्हणून सांगितलं जातं. डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांचं नुकसान मात्र गुपचूप चालू राहतं. हे काम झालं की पुढचं सावकाश वाचा.

आता वचन. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ३, ओवी १९. आई आणि मामा ते चुकीचं म्हणत नाहीत, तिथे तसंच लिहिलं आहे. पण ते पत्र आहे, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं. कोणी, कोणाला आणि कशावरून लिहिलं हे न बघता मधली एक ओळ उचलली, तर घरच्या पत्रातूनही हवा तो अर्थ काढता येईल.

ग्रीसमधलं करिंथ हे काही साधंभोळं गाव नव्हतं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमी सेनापती मुम्मियसने ते उद्ध्वस्त केलं. पुढे शंभरेक वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरने ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा उभं केलं. तिथे वसायला आलेल्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. दोन बाजूंना दोन बंदरं, हातात नवा पैसा, आणि कोणाचंच घराणं फार जुनं नाही. अशा ठिकाणी माणसाची किंमत कशावर ठरते? तो कसा बोलतो, कोणाच्या ओळखीचा आहे, कोणत्या गुरूचा चेला म्हणवतो यावर. वक्ते गाजायचे आणि त्यांचे चेले एकमेकांशी भांडायचे. हेच मंडळीत शिरलं. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलाला खबर दिली की तुझ्या मंडळीत तट पडलेत: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा). अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात पटाईत. पौलाबद्दल मात्र लोक म्हणायचे की याची पत्रं वजनदार असतात, समोर उभा राहिला की बोलण्यात काही दम नाही.

या तटबाजीला उद्देशून पौल म्हणतो की जगाचं हे शहाणपण देवापुढे मूर्खपणा आहे. त्याच्या नजरेसमोर वैद्य नाही, शाळा नाही, बँकेचं पासबुक नाही. नजरेसमोर आहे ती माणसामागे धावण्याची हौस. दोनच ओव्यांनंतर तो निष्कर्षही सांगतो: म्हणून कोणीही माणसांविषयी अभिमान बाळगू नये. आता हे वचन एखादा प्रचारक स्वतःच्या बॅनरखाली उभा राहून, स्वतःच्या नावाभोवती जमलेल्या गर्दीला ऐकवत असेल आणि 'माझ्यावर शंका म्हणजे देवावर शंका' असं सुचवत असेल, तर ते वचन नेमकं कोणाकडे बोट दाखवतं ते तुम्हीच ठरवा.

आणि त्याच पत्रात पुढे काय आहे? सहाव्या अध्यायात मंडळीतले लोक एकमेकांना कोर्टात खेचतात तेव्हा पौल चिडून विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? (आपल्याकडच्या मंडळ्यांच्या जमिनी आणि ट्रस्ट यांचे दावे बघितले की हा प्रश्न आजच सकाळी लिहिल्यासारखा वाटतो.) चौदाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की वाईटपणात तान्ह्या बाळांसारखे व्हा, पण समजुतीत प्रौढ व्हा. डोकं बाजूला ठेवा असं सांगणारा माणूस असं लिहीत नाही.

मग वधस्तंभाचा मूर्खपणा म्हणजे काय? तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण शहाण्यासुरत्या ख्रिस्ती माणसांकडून तो हळूच गाळला जातो.

आपल्याला वधस्तंभ गळ्यात घालायची, भिंतीवर लावायची सवय आहे. पौलाच्या काळी तो गुलामांच्या आणि बंडखोरांच्या वाट्याची शिक्षा होता. इ.स.पू. ६३ मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरोने रोममधल्या एका खटल्यात म्हटलं होतं की वधस्तंभ हा शब्दसुद्धा रोमी नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून, मनापासून दूर राहावा. सभ्य माणसाने उच्चारू नये असा तो विषय. १८५७ मध्ये रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर एका जुन्या भिंतीवर कोरलेलं चित्र सापडलं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर करून उभा असलेला एक जण, आणि शेजारी खरडलेलं: अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. कोणीतरी कोणाची तरी केलेली टिंगल. आपल्या विश्वासाची हाती असलेली अगदी जुन्यांतली जुनी चित्रं पाहिली तर त्यात ही टिंगल येते.

देवाने जग वाचवायला हा मार्ग घेतला, हे ऐकून त्या काळच्या विचारी माणसाला हसू येणं स्वाभाविक होतं. पौल तो मूर्खपणा झाकत नाही. आम्ही ख्रिस्तामुळे मूर्ख, तुम्ही शहाणे, असं चौथ्या अध्यायात करिंथकरांना चिमटा काढत तो या मूर्खपणाची किंमत मोजून दाखवतो: आम्ही भुकेले, तान्हेले, अंगावर धड कपडे नाहीत, मार खातो, राहायला घर नाही, स्वतःच्या हातांनी राबतो, जगाचा गाळ झालो आहोत. हे अलंकारिक बोलणं नव्हतं. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता. करिंथकरांकडून पैसा घेण्याचा हक्क असूनही त्याने तो घेतला नाही. कमी पडलं ते मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी पुरवलं.

इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. वधस्तंभाचा मूर्खपणा ज्याचा तो स्वतःच्या खांद्यावर घेतो, आणि त्याचा फायदा दुसऱ्याला होतो. ज्या मूर्खपणाला विश्वासाचं नाव देऊन फसवणूक चालते, त्यात ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं आणि फायदा सांगणाऱ्याला होतो. एखादी गोष्ट जगाला वेडेपणाची वाटते एवढ्यावरून ती देवाची ठरत नाही, नाहीतर जगातला प्रत्येक वेडेपणा पवित्र ठरला असता. किंमत कोण भरतंय ते बघा. तुमच्या आईच्या गोळ्या बंद झाल्या, त्याची किंमत आईचं शरीर भरतं. मामांच्या पैशाची किंमत एक मुलगी भरते, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. सभेतल्या मंचावरच्या माणसाने यात काय गमावलं?

पौलाला असे लोक माहीत होते. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ११, ओव्या १९ आणि २० मामांना शांतपणे वाचून दाखवा. तो उपरोधाने म्हणतो, तुम्ही शहाणे ना, म्हणून मूर्खांचं आनंदाने सोसता. कोणी तुम्हाला गुलाम केलं, कोणी तुम्हाला खाऊन टाकलं, कोणी लुबाडलं, कोणी तोंडात मारली तरी सोसता. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीविषयी लिहितो. एवढी मोठी रक्कम एकट्याने नेली तर कोणी बोट ठेवील, म्हणून मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसं तो बरोबर देतो. केवळ प्रभूसमोर नाही तर माणसांसमोरही नीट दिसावं असं बघतो. थोडक्यात, साक्षीदार आणि हिशोब. ज्या सभेत पावती मागितली की विश्वास कमी पडतो, ती सभा पौलाच्या वळणावर गेलेली नाही.

गोळ्यांचं बोलू. 'देव बरं करतो, मग औषध कशाला' याला शास्त्रात आधार शोधायला गेलं तर उलटंच सापडतं. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशयाने त्याला देवाचं वचन दिलं की तू बरा होशील, तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, तुझी पंधरा वर्षं वाढवली आहेत. यापेक्षा पक्कं वचन कोणाला मिळणार? आणि लगेच यशया म्हणतो, अंजिरांची चटणी आणा आणि गळवावर बांधा. वचनही मिळालं आणि लेपही लागला, दोन्ही एकाच संदेष्ट्याच्या हातून. आपला सोबती तीमथ्य याच्या पोटासाठी पौल थोडा द्राक्षारस घे म्हणतो. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवून यावं लागतं, आणि त्याचा विश्वास कमी पडला असं पौल म्हणत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता.

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी मार म्हटलं, तेव्हा त्याच्या तोंडी स्तोत्र ९१ होतं: देवदूत तुला झेलतील. वचन खरं, मागणी खोटी. प्रभूने उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नको. गोळ्या फेकून देऊन 'आता बघू देव काय करतो' म्हणणं हे त्या शिखरावरचंच आमंत्रण आहे. आईंना असं तोडून सांगू नका, घाबरतील. पण तुम्हाला हे स्पष्ट असू द्या.

आता एक गोष्ट जी मी अशा घरांत बहुतेक वेळा वाचतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येतो, प्रभू त्याला हात लावतो आणि तो बरा होतो. मग प्रभू त्याला काय सांगतो? कोणाला काही सांगू नको, पण जाऊन स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. ते नेमलेलं काय होतं हे लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात सविस्तर आहे. याजक छावणीबाहेर येऊन तपासणार. त्या माणसाने कपडे धुवायचे, अंगावरचे सगळे केस काढायचे, आंघोळ करायची, छावणीत यायचं पण सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहायचं. सातव्या दिवशी पुन्हा केस, अगदी भुवयांचेसुद्धा. आठव्या दिवशी अर्पण, आणि मग तो पूर्ण शुद्ध ठरणार. ज्याने स्वतःच्या हाताने त्याला बरं केलं, त्यानेच त्याला त्या काळच्या अधिकृत तपासणीला पाठवलं. खऱ्या चंगाईला तपासणीचं भय नसतं. म्हणून आईंना एवढंच म्हणा: "आई, देवाने तुला बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल, आणि आपण तो रिपोर्ट घेऊन देवाचे आभार मानू. तोपर्यंत गोळी चालू ठेवू." तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते. गोळी कमी करायची की बंद करायची, ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मी असं करायला लावलेल्या कोणाच्या विश्वासाला तडा गेलेला पाहिला नाही.

मामांच्या पैशाबद्दल थोडक्यात. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सभेत झाली असणारच, होतेच. ती मार्क १२ च्या ४१ पासून सुरू होते. पण त्याआधीची, चाळिसावी ओवी सहसा वाचली जात नाही. तिथे प्रभू लांबलचक प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झापतो, आणि त्याच श्वासात ती विधवा येते. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो की ज्या मंदिराच्या पेटीत तिने सर्वस्व टाकलं, त्याचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिचं देणं थोर होतं. घेणाऱ्यांचा न्याय मात्र तिथेच ठरून गेला. आणि मार्क ७ मधली कुर्बानाची गोष्ट: आईबापांना द्यायचा पैसा 'देवाला वाहिला' म्हणून बाजूला काढणाऱ्यांना प्रभूने सांगितलं की तुम्ही देवाची आज्ञाच रद्द करता. मुलीच्या शिक्षणाला ठेवलेला पैसाही याच रांगेत बसतो. दिलेला पैसा परत मिळेल का, हा वेगळा प्रश्न आहे. पुढचा हप्ता जाऊ नये एवढं आता बघा.

शास्त्रात मूर्ख कोणाला म्हटलंय, हेही एकदा नीट पाहायला हवं, कारण तिथला मूर्ख म्हणजे बुद्धीने मंद माणूस नव्हे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात नाबाल भेटतो. तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं, चांगला व्यवहारी, पैसा राखून असलेला माणूस. दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलेलं असतं. लोकर कातरायच्या दिवशी, म्हणजे सणाच्या दिवशी, दाविदाने दहा तरुण पाठवून काही खायला मागितलं. नाबाल म्हणाला, कोण दावीद? हल्ली धन्याकडून पळालेले चाकर पुष्कळ झालेत. दावीद चारशे माणसं घेऊन तलवारी कमरेला बांधून निघाला. तेव्हा नाबालाचा एक चाकर धावत मालकिणीकडे, अबीगईलेकडे जातो आणि मालकाबद्दल जे बोलतो ते मला सगळ्या नीतिसूत्रांहून नेमकं वाटतं: तो असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलताच येत नाही.

मूर्खाची याहून चांगली ओळख मला माहीत नाही. याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं सांगतो, त्यात शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य याबरोबर ऐकून घेणारं हेही लक्षण आहे. ज्याला कोणी काही सांगू शकत नाही तो पदवीधर असो, धर्मगुरू असो की लाखोंच्या सभा भरवणारा असो, नाबालच. समर्थांनी मूर्खांबरोबर पढतमूर्खांचीही वेगळी लक्षणं दिली आहेत ती उगाच नाही.

अबीगईल काय करते बघा. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं रांधून, हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा, सगळं गाढवांवर लादून ती वाटेतच दाविदाला गाठते. पाया पडते, दोष माझ्यावर असू दे म्हणते, आणि एका भावी राजाला सूडाच्या पापापासून वाचवते. घरी येते तर नाबाल मेजवानीत तर्र. ती त्या रात्री त्याला कमीजास्त एक शब्द बोलत नाही. सकाळी नशा उतरल्यावर सांगते. शहाणपण असं असतं: काय सांगायचं हे तर कळायला हवंच, पण आज रात्री नको, उद्या सकाळी, हेही कळायला हवं.

नीतिसूत्रांचा २६ वा अध्याय उघडा. चौथी ओवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. पाचवी म्हणते, उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. दोन्ही शेजारी शेजारी. ज्यांनी पुस्तक संकलित केलं त्यांना हे दिसलं नसेल का? त्यांनी मुद्दाम ठेवलंय. पाठ केलेलं वचन कोणत्या वेळी काढायचं हे वचन सांगत नाही, ते तुम्हाला प्रार्थनेत आणि माणसं बघून ठरवावं लागतं. ईयोबाच्या मित्रांची वाक्यंही सुटी काढली तर बरीचशी धार्मिकच आहेत. पण सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबासमोर ती बोलली गेली, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावला.

आणखी एक, कारण 'बाहेरचं ज्ञान नको' हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायाच्या १७ व्या ओवीपासून पुढची बरीच वचनं इजिप्तच्या आमेनेमोपे नावाच्या माणसाच्या शिकवणीशी इतकी जुळतात की अभ्यासक त्यांचा संबंध मानतात. तो पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गरिबाला लुबाडू नको, शेताची हद्द सरकवू नको, रागीट माणसाची संगत धरू नको. परक्याने सांगितलं म्हणून खरं ते खोटं होत नाही, हे इस्राएलच्या शहाण्यांना ठाऊक होतं. मोशे तर इजिप्तच्या सगळ्या विद्येत तयार झालेला होता, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान, पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. तीर्थक्षेत्रं, दानधर्म, अनुष्ठानं करत कुटुंब हिंडत राहिलं. जवळचं सगळं त्यात गेलं आणि दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मी हे दुसऱ्या कोणाच्या धर्माला नावं ठेवायला सांगत नाही. उपाशी घराकडून देवाच्या नावाने घेण्याची रीत कोणत्याही धर्मात घुसू शकते, आणि आता ती आपल्या अंगणात 'बी' या नावाने आली आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यातल्या शहाण्यांच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता, आणि त्याची किंमत त्यांनी भरली. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातून १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं. पण इंग्लंडातल्या धर्मभगिनींनी 'आता शंका पुरे, मुकाट मान' असा सूर लावला तेव्हा त्यांच्यापुढेही रमाबाई नमल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसरं लगेच मानेवर घेणार नाही, असं त्यांनी पत्रातून कळवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. तिथे पहाटेपासून प्रार्थना चालत, आणि त्याच आवारात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. पाण्यासाठी प्रार्थना केली म्हणून कुदळ ठेवून दिली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ही पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसली, तेही सोप्या मराठीत, कारण केडगावच्या बायांना समजायला हवं होतं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा सगळी विद्वत्ता अशा वाचकांसाठी खर्ची पडली होती ज्यांनी त्यांना कधी कुठली पदवी दिली नसती.

आता तुमच्याबद्दल, कारण आतापर्यंतचं सगळं तुमच्या बाजूचं वाटलं असेल. आईची भीती तुम्ही कधी विचारली आहे का? साखरेचा आजार जडलेली, मुलगा पुण्यात, घरी एकटी बाई त्या सभेत का गेली? तिथे कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिचं नाव घेऊन प्रार्थना केली असेल. आपल्या मंडळ्यांत हे किती वेळा होतं? आम्ही पाळक लोक यात कमी पडतो, हेही खरं. तुम्ही फोनवर वचनाला वचनाने उत्तर देत राहिलात तर युक्तिवाद जिंकाल आणि आई फोन उचलायची बंद होईल. मग तुमच्याशीही बोलता येत नाही असं तिलाच वाटू लागेल. प्रचारकाला नावं ठेवून सुरुवात करू नका. आधी बरोबर प्रार्थना करा, तिच्या शब्दांत, तिला करू द्या. मग मार्काचा पहिला अध्याय वाचा. मग डॉक्टर. जमलं तर तुमच्या मंडळीच्या पाळकांना किंवा महिला संघातल्या आईच्या मैत्रिणीला बरोबर घ्या. मुलाचं न ऐकणारी आई मैत्रिणीचं ऐकते.

मामांशी बोलायचं तर चारचौघांत नको. निवृत्त माणसाला फसलो हे कबूल करणं फार जड जातं, आणि लोकांसमोर कोंडीत पकडलं तर तो आणखी पैसे देईल, केवळ बरोबर ठरायला. अबीगईलेसारखी सकाळ शोधा.

राहिली मामेबहिणीची फी. वधस्तंभाचा मूर्खपणा कुठे सुरू होतो असं तुम्ही विचारलंत, तर माझ्या मते तुमच्यासाठी तो इथे सुरू होतो. चूक मामांची, लुबाडणारा भलताच, आणि तुम्ही पुण्यात कमावता. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्याकडून पळून आलेल्या अनेसिम या गुलामाबद्दल पौल लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. हिशोबात बसणारी गोष्ट नाही. तुमचे मित्र हसतील, बायको असेल तर तिच्याशी बसून बोलावं लागेल, कदाचित सगळी नाही तर एका वर्षाचीच जमेल, किंवा शैक्षणिक कर्जाला जामीन राहता येईल. आधी बहिणीलाच फोन करा आणि कॉलेजची शेवटची तारीख कधी आहे ते विचारा. जी काही रक्कम ठरेल ती तिच्या नावाने थेट कॉलेजच्या खात्यात भरा, पावती जपून ठेवा, आणि मामांना ते कळवायची घाई करू नका.